मामांची दुमजली

आमच्या जिल्ह्यात सदैव मान वर करून चालणारा एकच माणूस मी पाहिला, आणि त्याला कारण स्वाभिमान नव्हतं, निंबाच्या फांद्या होत्या. हे गृहस्थ म्हणजे माझे मामासासरे, बायकोचे सख्खे मामा. रस्त्याने जाताना बाकीची माणसं खड्डे बघतात. मामा फांद्या बघत, तारा बघत, तोरणं बघत. वेशीच्या कमानीखाली क्षणभर थांबून डोळे बारीक करीत आणि पुढे जाता जाता निकाल देत, "जाईल," किंवा "न्हाई जात." काय जाईल, हे विचारायची गरज त्यांच्या तालुक्यात कुणाला पडत नसे. मामांची दुमजली बस. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा मुलीकडच्या मंडळींनी माझं शिक्षण, नोकरी, अंबाजोगाईतलं भाड्याचं घर अशी रीतसर चौकशी केली. मामांनी एकच प्रश्न विचारला. "तुमच्या कॉलेजच्या गेटाला कमान हाय का?" आहे म्हणालो. "किती उंच?" मी मराठीचा प्राध्यापक. कमानीवरचं सुभाषित मला पाठ होतं, उंची माहीत नव्हती. मामांचा चेहरा पडला. बायको आजही सांगते की स्थळ तेव्हा जवळजवळ हातचं गेलं होतं.

ती बस मूळची मुंबईची. तिथल्या रस्त्यांवर उमेदीची वर्षं काढून मोडीत निघालेली, लाल रंगाची, वर जायला मागच्या बाजूने वळणाचा जिना असलेली. मामांच्या तालुक्याच्या सहकारी खरेदी-विक्री संघाचे त्या वेळचे अध्यक्ष दादासाहेब मुंबईला जुन्या गाड्यांच्या लिलावात मालमोटार घ्यायला गेले होते. सोबत संघाचे वाहतूक व्यवस्थापक म्हणून मामा. संघाकडे तोवर एकही वाहन नव्हतं, पण व्यवस्थापक होता. सहकारात हा क्रम मान्य आहे. दादासाहेबांना लिलावाची रीत ठाऊक नव्हती, सभेची ठाऊक होती. समोरच्याने काही पुकारलं की हात वर करायचा. त्यांनी हात वर केला. दुसऱ्या कुणी केला नाही. अशा रीतीने ती बस बिनविरोध निवडून आली. खतांची पोती वरच्या मजल्यावर कशी चढवायची, हा प्रश्न दादासाहेबांना लिलावाच्या आवाराबाहेर आल्यावर सुचला. मामांना मात्र कुठलाच प्रश्न पडला नाही. पंचविशीतला, तोवर ट्रॅक्टरच चालवलेला तो माणूस बसच्या समोर उभा राहून वर बघत राहिला आणि माझ्या मते त्याची मान जी तेव्हा वर झाली, ती पुन्हा खाली आलीच नाही.

बस आणली मामांनी स्वतः चालवत. निघण्यापूर्वी त्यांनी बसच्या उंचीचा एक बांबू तोडून घेतला. पूल आला, कमान आली, झाड आलं, की खाली उतरायचं, बांबू उभा धरायचा आणि मग ठरवायचं. त्यामुळे मुंबई ते माजलगाव या मुलखातल्या यच्चयावत आडव्या गोष्टींची उंची त्यांना कायमची पाठ झाली. नगरच्या अलीकडे एका चिंचेने त्यांना अडवलं. झाडाचा मालक फांदी तोडू देईना. मामांनी वाद घातला नाही. त्याला जिन्याने वर नेलं, खिडकीशी बसवलं आणि त्याच्याच चिंचा त्याला बसल्या जागी हाताने तोडू दिल्या. मालक इतका हरखला की फांदीवर पहिला कोयता त्यानेच घातला. त्या घरातून मामांकडे वर्षानुवर्षं चिंच येत असे. मामांच्या गावात तेव्हा वीज आलेली नव्हती, त्यामुळे तारांचा अडथळा नव्हता. मागासलेपणाचा एवढा स्पष्ट फायदा मी दुसरा पाहिलेला नाही.

आणि मग बहात्तरचा दुष्काळ पडला. खत नको होतं, बी नको होतं, संघाला काही कामच उरलं नाही. काम उरलं ते फक्त बसला. गावोगावची माणसं खडी फोडायला आणि पाझर तलावाची माती उपसायला जात होती, आणि मामा त्यांना नेऊ-आणू लागले. बसच्या कपाळावरची पाटी मुंबईतच 'राणीची बाग' या नावावर अडकून बसली होती, ती फिरेना. रोज सकाळी टोपल्या, फावडी आणि भाकरीची गाठोडी घेतलेली माणसं राणीच्या बागेला निघत. पुढे बायका कामावर जाताना तसंच म्हणू लागल्या. तो पाझर तलाव सरकारदरबारी कुठल्याशा क्रमांकाने ओळखला जात असेल, आमच्याकडे त्याला आजही राणीची बाग म्हणतात.

बसचं तिकीट होतं तांब्याभर पाणी. चढणीला इंजिन तापायचं आणि रेडिएटरला पाणी लागायचं, तेव्हा चढणाऱ्या प्रत्येकाने आपल्या घागरीतलं थोडं पाणी दारातल्या पिंपात ओतायचं, असा मामांचा नियम. गावात पाणवठे जातवार वेगळे होते. ते एकत्र आले पहिल्यांदा रेडिएटरमध्ये. दुसरा नियम असा, की वरचा मजला बायकांचा. कुणाला वाटेल, यामागे स्त्रीदाक्षिण्य असेल. मी एकदा तशी शंका बोलून दाखवली. मामा म्हणाले, "दाक्षिण्य कशाचं? बाप्ये वरून थुकतेत." पण या नियमाने गावच्या पाटलांची फार अडचण केली. ते कामावर मुकादम होते. आपल्या डोक्यावर कुणी बसलंय, आणि तेही सगळ्या वस्त्यांवरच्या बाया, ही गोष्ट त्यांना सोसेना. वर जावं तर बायकांत बसणं आलं. शेवटी ते दुष्काळभर कामावर पायी गेले. पाटलीणबाई मात्र रोज वर. वाटेत नवरा दिसला की खिडकीतून म्हणायच्या, "या की वो, खाली जागा हाय."

दुष्काळ सरला, पण बसचं वैभव काही वर्षं टिकलं. लग्नाची वऱ्हाडं नेली, लिंबागणेशला चतुर्थीच्या फेऱ्या केल्या, निवडणुकांत तिच्या वरच्या मजल्यावरून भाषणं झाली. हे वक्ते बसपेक्षा उंच बोलत असत. पुढे धरण झालं, कालवे आले, ऊस आला, वीज आली, तारा आल्या आणि दुमजली एके दिवशी संघाच्या जुन्या गोदामाच्या आवारात जाऊन उभी राहिली ती राहिलीच. मामांचा व्यवस्थापकपणा मात्र थांबला नाही. निवृत्त झाल्यावरही ते रोज सकाळी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आवारात जात आणि इंजिन चालू करीत. पहिल्या हादऱ्याला शेजारच्या कार्यालयातले पेपरवेट टेबलांवरून खाली पडत, आणि पडलेले पेपरवेट किती वेळ तसेच पडून आहेत, यावरून कर्मचारी आले की नाही ते कळे. बस धुवायची नाही, हा त्यांचा दंडक. दुष्काळ पाहिलेल्या गाडीला पाण्याने धुणं त्यांना उधळपट्टी वाटे. रॉकेलचा बोळा घेऊन ते ती पुसत. मिळेनासे झालेले सुटे भाग त्यांनी कुठून कुठून जमवले. एकदा मामींचं शिवणयंत्र सुरू होईना. वाकून पाहिलं तर चाकावरचा पट्टा बसमध्ये गेलेला. मामी माझ्या बायकोला म्हणाल्या, "माझ्या सवतीला दोन मजले हायेत गं बाई. मला एक खोली हाय, तीबी गळती."

या संसारावर संकट आलं ते दादासाहेबांच्या चिरंजीवांच्या रूपाने. वडिलांच्या पश्चात अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं होतं, जसं घरातलं घड्याळ येतं तसं. त्यांना गोदामाच्या जागी दुकानांचे गाळे काढायचे होते. भंगारवाला आवारात येऊन बसभोवती फिरून गेला, दोन ठिकाणी पत्रा ठोकून आवाज ऐकून गेला. त्या दिवसापासून मामा जेवेनासे झाले. मामींनीच फोन केला, "जावईबापू, या दोन दिवस. तुमचं आयकतेत ते." मामा कुणाचंही ऐकत नाहीत हे त्यांनाही माहीत होतं, मलाही, तरी मी गेलो.

आवारात बसच्या सावलीत गावातली चार माणसं जमली होती आणि तोडगा त्यांच्याकडे तयार होता. आमच्याकडे असल्या प्रसंगी जे करतात तेच. एकाने हळू आवाजात सांगितलं, "मामा, लई सोपं हाय. चाकाखाली एक धोंडा ठेवू, शेंदूर फासू, नारळ फोडू. मंग अध्यक्षाचा बाप आला तरी हात लावत न्हाई."

दुसरा म्हणाला, "दुष्काळात तारलं हिनं. देवीच हाय की एक परकारची."

मला तो तोडगा मनापासून पटला. या जिल्ह्यात शेंदराइतका पक्का मालकीहक्क दुसरा नाही. पण मामा उठून उभे राहिले. "कावून? देव कावून करता बे तिला? देव केला की चालायचं बंद. मंग नुसतं बसायचं, न् लोकायनी पाया पडायचं. गाडी हाय ती. गाडी म्हणूनच राहील, न्हाईतर गेली भंगारात."

त्या वर्षीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत भंगाराचा विषय आला. या सभा ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी एक सांगतो. व्यासपीठावरून विषय वाचला जातो आणि मंडपातून 'मंजूर!' अशी गर्जना होते. विषय ऐकण्याची पद्धत नाही. कित्येक सभासद 'मंजूर' म्हणून झाल्यावर जागे होतात. भंगाराचा विषय वाचून संपायच्या आत मामा उठले आणि ध्वनिक्षेपकाशी गेले. "गाडी चालू हाय. चालू गाडी भंगारात जात न्हाई." अध्यक्ष हसले. चारचौघांत उदार दिसण्याची संधी ते सोडत नसत. "बरं मामा, पुढच्या सभेला ती स्वतःच्या पायानं मंडपात आणा. आली तर ठेवू, संघ तिला छप्पर बांधून देईल. न्हाई आली तर मात्र काही बोलायचं न्हाई." मंडप गरजला, "मंजूर!" अध्यक्षांना वाटलं आपण विनोद केला. तो ठराव झाला होता.

पुढचं वर्षभर मामांनी काय केलं ते तपशिलात सांगायला मी असमर्थ आहे, कारण मला त्यातलं कळत नाही. एवढंच कळलं की माजलगावच्या ऊस वाहतुकीच्या गॅरेजांतले मिस्त्री त्यांना बघून दुकानाच्या मागच्या दाराने जाऊ लागले. पाऊस पुन्हा दगा देऊन गेला होता. भाद्रपदातही गावाला टँकर चालू होते. सभेच्या आदल्या दिवशी मामांनी गोदामापासून सभेच्या मैदानापर्यंतचा सगळा रस्ता बांबू उभा धरून मोजला. वीज मंडळाच्या माणसांनी गावातल्या तारा ताणून दिल्या. सगळं 'जाईल' झालं.

सभेच्या दिवशी मामांनी पांढरा सदरा घातला आणि दुष्काळातल्या बायांपैकी ज्या हयात होत्या त्यांना घरोघर जाऊन बोलावून आणलं. भीमनगरातल्या सरूबाई आल्या, पाटलीणबाई काठी टेकत आल्या, आणखी कितीतरी. एकमेकींना ढकलत, जिन्यावर बसून दम घेत त्या वर पोचल्या आणि आपापल्या जुन्या जागेवरून भांडू लागल्या. आम्ही पुरुष अर्थातच खाली. इंजिनाने काळा धूर सोडला, सगळी बस अंगात आल्यासारखी थरथरली आणि निघाली. बाजारपेठेतून जाताना दुकानं ओस पडली. गिऱ्हाइकासकट दुकानदार बाहेर. मी एरवी मिरवणुकीत चालणारा माणूस नाही, पण खरं सांगतो, त्या दिवशी खिडकीशी जरा ताठ बसलो होतो.

मैदानाच्या तोंडाशी बस थांबली. आदल्या दिवशी तिथे काहीही नव्हतं. आता तिथे कमान होती. सभा आटोपता आटोपता कुणी बडे पाहुणे येणार म्हणून कार्यकर्त्यांनी सकाळी घाईघाईने उभारलेली, आणि तिच्यावर अध्यक्षांचा हात जोडलेला भव्य चेहरा. मामा उतरले. मान वर केली. बांबू मागवायची गरजच नव्हती. "न्हाई जात," ते म्हणाले. दोन्ही बाजूंना नाल्या होत्या, दुसरी वाट नव्हती. आत सभा संपत आली होती. संपली की बस गेली.

पुस्तकी माणसाला सुचायचं ते मला सुचलं. "मामा, टायरमधली हवा थोडी कमी केली तर?"

मामांनी माझ्याकडे बघितलं, मग कमानीवरच्या चेहऱ्याकडे बघितलं. "हिनं आजवर कुणापुढं मान खाली घातली न्हाई, जावईबापू. हवा काढायचीच तर हिचीच कावून?"

आतून ध्वनिक्षेपकावर अध्यक्षांचा आवाज आला. शेवटचा विषय चालू होता, जो प्रत्येक सहकारी सभेत शेवटचा असतो आणि ज्यावर कधीच कुणी बोलत नाही. "ऐनवेळी येणारे विषय. कुणाचा काही विषय आहे का? नसल्यास सभा संपली असं—"

"हाय! माझा हाय!" वरच्या मजल्याच्या पुढच्या खिडकीतून सरूबाईंनी कमरेपर्यंत अंग बाहेर काढलं. अध्यक्षांचा चेहरा बरोबर त्यांच्या समोर होता, नाकाला नाक लागेल इतका. त्यांनी त्याच्यावर हात आपटला. "ही कमान काढा!"

आणि मंडपाने वर्षानुवर्षांच्या सवयीने, एका आवाजात, प्रतिसाद दिला, "मंजूर!"

"अहो, थांबा," अध्यक्ष म्हणाले, "हा विषय—"

"मंजूर!" मंडप पुन्हा म्हणाला. या वेळी मात्र माना मागे वळल्या होत्या. लोकांना बस दिसली होती.

अध्यक्ष शेजारच्या सचिवांकडे झुकले. "या बाई सभासद आहेत का?" ध्वनिक्षेपक चालूच होता. सचिवांचं उत्तरही सगळ्या मैदानाने ऐकलं, "हायेत साहेब. त्या समद्याच हायेत. तुमच्या वडलांनीच केलेल्या, दुष्काळात."

हशा पिकला, शिट्ट्या झाल्या, आणि मंडपातले तरुण उठून धावत आले. मंडपवाल्याच्या माणसांनी दोऱ्या सोडल्या. अध्यक्षांच्या चेहऱ्याची घडी घालायला कुणी धजेना, तेव्हा चौघांनी तो अदबीने उचलून रस्त्याच्या कडेला उन्हात उताणा निजवला. मामा चढले. बस हलली. लोक वाट देत मागे सरत होते आणि ती पहिल्या गिअरमध्ये, आब राखून, मंडपाच्या मधोमध आली. मामांनी हॉर्न दाबला. तो इतका वेळ दाबून धरला, की व्यासपीठावर स्वागताचं भाषण पाठ करून बसलेल्या गृहस्थांनी कागद खिशात घातला. वर पाटलीणबाई आणि सरूबाई एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होत्या. अध्यक्षांचं मात्र कौतुक केलं पाहिजे. पाहुण्यांसाठी आणलेला हार त्यांनी स्वतःच्या हाताने बसला घातला आणि तिथल्या तिथे जाहीर केलं, की ही बस म्हणजे आपल्या तीर्थरूपांचं स्वप्न होतं. लिलावात चुकून वर गेलेला हात स्वप्नात बसवणं सोपं नव्हतं, पण त्यांनी बसवला. मंडप म्हणाला, "मंजूर!"

छप्पर झालं. गाळेही झाले, पण त्यांच्यापेक्षा छप्पर उंच आहे. शाळांच्या सहली येतात, लग्नाआधी नवरा-नवरी फोटो काढून घेतात, आणि वर्षातून एकदा, सभेच्या दिवशी, दुमजली बाहेर निघून मैदानापर्यंत जाऊन येते. हल्ली ती दुसराच कुणी चालवतो. मामा फारसे घराबाहेर पडत नाहीत.

मला मात्र त्या दिवशीची दुपार आठवते. ठराव झाला होता, लोक जेवायला पंगतीत बसले होते, बाया केव्हाच उतरून आपल्या नातवंडांत मिसळल्या होत्या. मामा स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसून होते. मी म्हणालो, "चला मामा, वर बसू थोडं." ते माझ्याकडे बघतच राहिले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की पुसायला, डागडुजी करायला ते असंख्य वेळा वर गेले असतील, पण चालवणारे तेच असल्यामुळे वर बसले कधीच नव्हते.

मी हात धरून त्यांना जिन्याने नेलं. ते पुढच्या बाकावर टेकले. समोर सगळं गाव पसरलं होतं, घरांचे पत्रे, भीमनगर, टँकरभोवतीच्या घागरी, आणि त्यांच्यापलीकडे बालाघाटाच्या उघड्या टेकड्या थेट आभाळाला लागलेल्या. 

"खडी फोडायला जाताना वर लई शांत असायच्या ह्या बाया," मामा म्हणाले. "मला खाली वाटायचं, दमून झोपल्या आसत्याल." त्यांनी खिडकीच्या चौकटीवरून हात फिरवला. "एवढं सगळं दिसत होतं व्हय त्यायला?"